ताण्याचं दुसरं टोक

१

समुद्र आमच्या गावातून दिसत नाही, ऐकूही येत नाही. मध्ये इतके डोंगर आहेत की तिथला वारासुद्धा इथे पोचेपर्यंत कोरडा होतो. तरी आमच्या घराघरात समुद्राचा वास असतो, कारण जांभळ्या सुताचा वास धुऊन जात नाही. लग्नात नेसलेलं लुगडं बाई म्हातारी होईस्तोवर तसाच वास देतं. शहरातून कापड बघायला येणाऱ्या बायका नाकाला रुमाल लावून विचारतात, "हा वास कधी जातो हो?" मी सांगते, "तुम्ही गेलात की."

पाऊस सरला की आमचे पुरुष किनाऱ्यावर उतरतात. खडकाला चिकटलेली गोगलगाय अलगद सोडवायची, तिच्यावर फुंकर मारायची. ती चिडून पांढरं दूध सोडते. ते मनगटावर गुंडाळलेल्या सुताच्या लडीला चोळायचं आणि गोगलगाय परत ओल्या सावलीत, तोंड खडकाकडे करून ठेवायची. तिला मारायचं नाही. सूत आधी पांढरंच दिसतं. सावलीत ठेवलंत तर तसंच बसून राहतं. उन्हात धरलं की पिवळं होतं, मग हिरवं, आणि मग जांभळं. माझा नवरा क्रिसोफोरो हे काम त्याच्या बापाकडून शिकला. त्याची नखं बारा महिने जांभळी असत. अंगठ्याचं नख तर कोयत्याने मधोमध चिरलेलं होतं आणि त्या चिरेत रंग काळा दिसे.

हंगामातल्या शेवटच्या गोगलगाईचं दूध सुताला लावत नाहीत. ते तळहातांना चोळायचं, वर फडकं गुंडाळायचं आणि घरी यायचं. मग भर उन्हात अंगणात उभं राहून बायकोच्या डोळ्यांदेखत हात उघडायचे. ते तळहात जांभळे झाले की नवरा घरी आला, असं आमच्यात धरतात. तोवर तो नुसता प्रवासी. दरवर्षी हात रंगले की क्रिसोफोरो विचारायचा, "ओळखलंस का?" आणि मी म्हणायची, "नाही बाई, कोण तुम्ही?" लग्न झाल्यापासूनचा हा आमचा चावटपणा होता. माझी सासू ब्रिहिदा दारात उभी राहून म्हणायची, "म्हातारे व्हाल आता, पुरे करा."

या वर्षी आमच्या अदेल्फाचं लग्न ठरलं होतं. पोरीला शाळेत असताना लुगड्यावरून मुली चिडवत. मधली काही वर्षं ती विजारच घालून हिंडली. लग्नाला तरी पांढरा झगा मागेल अशी मी मनाची तयारी केली होती. तर ती म्हणाली, "आई, मला तुझ्या हातचं जांभळं हवं. वास येणारं." मला रडू आलं आणि मी मिरच्या भाजत असल्याचं निमित्त केलं.

म्हणून क्रिसोफोरो जाताना मी कातलेलं सगळं सूत घेऊन गेला. हंगाम अर्ध्यावर आला तेव्हा किनाऱ्याहून माल आणणाऱ्या इलारियोने आपली पिकअप दारात थांबवली आणि खिडकीतून एक लड माझ्या अंगावर फेकली.

"घे, तुझ्या नवऱ्याने दिली. घाटाच्या तोंडाशी उभा होता."

"बरा आहे ना? काही म्हणाला?"

"तो कधी काही म्हणतो का? गाडी थांबवली, लड दिली, झालं."

जांभळा रंग असा उतरला होता की मी जन्मात पाहिला नव्हता. आतून उजेड असल्यासारखा. लड ओली होती, आणि एवढ्या उन्हातून येऊनही इलारियोच्या शेजारच्या सीटवर पाण्याचा डाग होता. मी सवयीने ती नाकाशी नेली.

तिला वासच नव्हता.

२

सुताला वास नाही म्हणून कुणी रडत बसत नाही. मला वाटलं सर्दी झाली असेल. अदेल्फाला हुंगायला दिलं. "साबणाने धुतलंय का बाबांनी?" ती म्हणाली. सासूने लड हातात घेतली, हुंगली, आणि परत दिली. नंतर मी पाहिलं, ती हात पदराला पुसत होती, पुसत होती, पुसतच होती.

लड तारेवर वाळत टाकली. आठवडा उलटला तरी तिचा दमटपणा हटेना. शेवटी मी ती तशीच ताण्यात, मागाच्या उभ्या धाग्यांत, घेतली. लग्न काही सुतासाठी थांबत नाही.

आमचा माग म्हणजे यंत्र नव्हे. ताण्याचं एक टोक ओसरीच्या खांबाला दोरीने बांधायचं आणि दुसरं आपल्या कमरेमागून घेतलेल्या चामड्याच्या पट्ट्याला. मागे रेललं की ताणा ताठ होतो, पुढे झुकलं की सैल. अर्धा माग बाईच असते. जसं जसं विणून होईल तसं कापड आपल्या पोटाशी गुंडाळत जायचं, म्हणजे खांब आणि आपण जवळ येत जातो. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं आई खांबालाच ओढून आणतेय.

दुपारचं जेवणखाण आटोपलं की मी ओसरीवर बसे. टर्की सावलीला येऊन बसत, कुत्रा पाय ताणून पडे, सासूच्या चातीची घरघर चाले. असंच एकदा मी लाकडी पट्टीने धागे ठोकत असताना ताणा आपोआप सैल झाला. मग ताठ झाला. मी हलले नव्हते.

परत सैल. परत ताठ. सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

मी उठून खांब हलवून पाहिला. वाळवी लागली असेल म्हणून बुंध्याशी कोयत्याचं टोक खुपसून पाहिलं. खांब दगडासारखा होता. दोरी नवी होती. म्हटलं, बाई, तुला चक्कर येतेय, पाणी पी. पाणी पिऊन बसले. कमरेला पुन्हा तीच ओढ. जाते, येते. जाते, येते.

लग्न ठरल्यावर एकदा मी क्रिसोफोरोबरोबर किनाऱ्यावर गेले होते. त्याने मला खडकावर बसवून सांगितलं होतं, लाटा मोजू नकोस, त्यांच्याबरोबर श्वास घे, मग भीती जाते. तोच हा श्वास होता. मी विणत राहिले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. इतक्या डोंगरांपलीकडून कुणीतरी मला झोका देत होतं.

पुढच्या दुपारी हिसके आले. दोन लहान, आणि मग एक लांब ओढ.

माझ्या हातातली पट्टी गळून पडली. लग्नाआधी मी आईच्या ओसरीवर विणायला बसे तेव्हा क्रिसोफोरो कुंपणावरून चोरून येई, खांबामागे लपे आणि माझा ताणा असाच ओढे. दोन लहान, एक लांब. घरात सगळे असत, मला हसताही येत नसे.

मी धावत खांबामागे गेले. तिथे कुणी नव्हतं. फरशीवर पाणी सांडलं होतं, पण टर्कींचं पाण्याचं मडकं तिथेच असतं, आणि टर्की काही शहाणे पक्षी नव्हेत.

३

क्रिसोफोरोचा चुलतभाऊ नाबोर त्याच्याबरोबर खडकावर काम करायचा. तो एकटाच परत आला. अंगणाच्या फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला, आत येईना. अदेल्फाने त्याला पाणी दिलं तर ते त्याने न पिताच कुंपणावर ठेवलं.

"वहिनी, मी शोधलं. सगळे खडक पालथे घातले."

"काय शोधलंस?"

"लाट आली. तो वाकला होता, हातावर लड होती. मी ओरडलो. एकदा हात वर आलेला दिसला. मग नाही दिसला."

सासू जिथे होती तिथेच खाली बसली. अदेल्फा किंचाळली. मी मात्र नाबोरला विचारलं, "कधी?" तो म्हणाला, मेणबत्त्यांच्या सणाच्या आधी. इलारियो लड घेऊन आला तो सणानंतर. मी दाणदाण पावलं टाकत चौकात गेले. इलारियो गाडीखाली आडवा पडून काहीतरी ठोकत होता.

"लड दिली तो माणूस क्रिसोफोरोच होता?"

"मग कोण असणार?"

"तोंड पाहिलंस?"

गाडीखालचा आवाज थांबला. "टोपी खाली ओढलेली होती गं. पण हात पाहिले ना. असे हात या मुलुखात दुसऱ्या कुणाचे आहेत? अंगठ्याचं नखसुद्धा चिरलेलं होतं."

माझा जीव भांड्यात पडला. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, तो जिवंत आहे. नाबोर खाली मान घालून ऐकत होता. सासूने माझे दोन्ही हात धरले.

"फेमिया, तो ताणा काप."

"आई, हे काय बोलता?"

"मी पण जांभळं विणूनच म्हातारी झाले. या सुताला वास नाही. काप पोरी, मी तुला दुसरं सूत कातून देते. दिवसरात्र बसून देते."

"तुमचा मुलगा त्या टोकाला आहे," मी म्हणाले. "मी रोज त्याला ओढून आणतेय. आणि तुम्ही म्हणता काप?"

मी हे याआधी स्वतःशीही बोलले नव्हते. बोलल्यावर मात्र ते इतकं सरळ वाटलं, की याआधी सुचलं कसं नाही याचं नवल वाटलं. कापड पोटाशी येतं, खांब जवळ येतो, टोकाला जो आहे तो जवळ येतो. विणून संपलं की तो ओसरीवर. माझ्यातल्या शहाण्या बाईने सांगून पाहिलं, की नवरा बुडालेल्या बायकांना असंच काहीबाही सुचतं. मी तिला म्हटलं, तू गप बस, आणि पट्टा कमरेला बांधला.

त्या दिवसांत मला विणता विणता डुलकी लागे. एकदा पाहिलं तर अंगण गुडघाभर स्वच्छ पाण्याने भरलं होतं. टर्की त्यातून नेहमीसारख्या चालत होत्या, धान्य टिपत होत्या. लिंबाची सावली पाण्याच्या तळाशी पडली होती. कुणालाच कशाचं काही नव्हतं. मी जागी झाले तेव्हा अंगण कोरडं ठणठणीत होतं आणि माझ्या लुगड्याचा काठ भिजला होता. मी तो पिळला आणि पुन्हा विणायला लागले.

४

क्रिसोफोरोसाठी लावलेल्या मेणबत्त्या अजून जळत होत्या, तेव्हा तो दिवेलागणीला आपल्या पायांनी फाटकातून आत आला.

कुत्रा भुंकला नाही, शेपटी हलवत गेला. अदेल्फा त्याच्या गळ्यात पडली. सासूने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती हसत, रडत, शिव्या देत सुटली. "मेल्या, मी तुझ्या नावाच्या मेणबत्त्या जाळल्या! गावभर लोकांना मक्याचे तामाले खाऊ घातले! कुठे तडमडला होतास?"

लाटेने त्याला लांबच्या एका खाडीत फेकलं होतं. तिथल्या कोळ्यांनी उचलून नेलं. त्यांच्या झोपडीत तो तापाने फणफणत पडला होता, नावगाव सांगायचीही शुद्ध नव्हती. यात न पटण्यासारखं काय होतं? काहीच नाही. मी पुढे झाले, त्याच्या छातीवर डोकं टेकलं. त्याचं अंग तापलं होतं आणि त्याला धुराचा, माशांचा, घामाचा वास येत होता. मला इतका आनंद झाला की मी त्याचा सदरा मुठीत धरून ठेवला.

मग तो जेवायला बसला. चुलीच्या उजेडात त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि मी त्याचे हात पाहिले.

ते पांढरे होते. स्वच्छ. नखं कोवळी, गुलाबी, बाळाच्या नखांसारखी. अंगठ्यावरही चीर नव्हती.

"तुझी नखं?" मी विचारलं.

"खडकाने सोलून काढली. कातडंसुद्धा. ही नवी येताहेत."

"आणि हातांचं फडकं? शेवटचं दूध?"

त्याने मुठी मिटल्या. "फडकं वाटेत सुटलं. हात उद्या दाखवतो, फेमिया. आज उभं राहवत नाही."

"झालं का उलटतपासणी करून?" सासू म्हणाली. "जेवू दे त्याला."

लाडाने मी त्याला आणखी घुगऱ्या वाढल्या. त्याने लडीची गोष्ट ऐकली तेव्हा मात्र त्याचा घास हातातच राहिला.

"कुठली लड? ती तर माझ्या हातावरून लाटेने ओढून नेली. नखांबरोबरच गेली ती."

"इलारियोने आणून दिली. तूच दिलीस म्हणाला. ताण्यात घेतलीये मी, होत आली."

त्याने दाराकडे, ओसरीच्या दिशेने पाहिलं. मी त्याला इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी त्याने हात दाखवले नाहीत. ताप चढला होता, उजेड डोळ्यांना खुपत होता. तो आतल्या बिनखिडकीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सासूने त्याच्यासाठी वाफेचं न्हाणं पेटवलं. तसल्या न्हाण्याने आमच्याकडे बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे उठून बसतात. तो म्हणाला, "पाणी नको. आई, पाया पडतो, पाणी नको." प्यायचं पाणीसुद्धा तो डोळे मिटून पीत होता. तिसऱ्या दिवशीही तेच, "उद्या".

आणि ओसरीवर ओढ चालू होती.

मला वाटलं होतं, माणूस घरी आला की ती थांबेल. मी पट्टा बांधला आणि थांबून राहिले. जाते, येते. जाते, येते. मग दोन लहान, एक लांब. आता त्यात घाई होती, घर दिसू लागलेल्या गाढवासारखी.

मी विचार करून करून थकले. एक माणूस आत खाटेवर, एक ताण्याच्या टोकाला. दोन्ही माझेच असू शकत नाहीत. आतल्याजवळ रंगलेले हात नाहीत, पाण्याला भितो, उन्हात येत नाही. बाहेरच्याला आमची खूण माहीत आहे. दुसऱ्या कुठल्या गावची बाई असती तर तिने तोंड पाहून, आवाज ऐकून नवरा ओळखला असता. पण आम्ही हात बघणारी माणसं.

सासूशी मी बोलले. ती मका दळत होती.

"आई, तुम्हाला तोच वाटतो?"

"आईला हात बघावे लागत नाहीत," ती वर न बघता म्हणाली.

"मला लागतात."

"मग बघ. पण तो ताणा आधी काप."

संध्याकाळी मी त्याच्या खाटेशी बसले. त्याने अंधारात माझा हात चाचपला. त्याचा तळहात खरखरीत, चिकटसर लागला.

"अजून विणतेस?"

"पोरीचं लग्न आहे."

"आईने सांगितलं मला. तो ओढतो का? कसा ओढतो?"

मी त्याच्या मनगटावर करून दाखवलं. दोन लहान, एक लांब. मला इतकंच हवं होतं की त्याने हसावं. म्हणावं, अगं, हे तर मी करायचो. तो रडायला लागला.

"काप, फेमिया. माझ्यावर जीव असेल तर काप. मी उठू शकलो तर मीच कापतो, पण त्या सुताला मी हात लावू शकत नाही."

ज्याच्यावर माझा जीव होता तो मला कधी कुठलं विणकाम अर्धं टाकायला सांगणार नाही, असं मला वाटलं. मी त्याच्या अंगावर चादर घातली आणि बाहेर आले.

६

कापडाचं शेवटचं बोटभर अंतर सगळ्यात जड जातं. पट्टी आत जात नाही, बोट जात नाही. मग सुईने एकेक धागा उचलून आडवा धागा ओवायचा. एवढ्याशा जागेला अख्ख्या हातभर कापडाइतका वेळ लागतो. कात्रीने कापून मोकळ्या होणाऱ्या बायका आहेत. आमच्यात चारी काठ बंद झाल्याशिवाय ते लुगडंच नव्हे.

सकाळपासून मी ओवत होते. अदेल्फा सासरच्यांकडे गेली होती, सासू गिरणीवर. ऊन इतकं होतं की अंगण पांढरं दिसत होतं आणि त्या पांढऱ्यात टर्की तरंगत होत्या. खांब माझ्या गुडघ्यांपाशी आला होता. म्हणजे मी त्याच्यापाशी गेले होते. ओढ आता सुईच्या प्रत्येक टाक्याबरोबर येत होती. मी टाका घातला की ती थोडी मोकळी व्हायची, जणू म्हणायची, हं, पुढे.

मधेच आतून खोकला ऐकू आला. माझा हात थांबला. अजूनही कापता आलं असतं, कोयता हाताशी होता. एका घावाचं काम. पण आत जो होता तो तोंड फिरवून झोपला होता, आणि बाहेर जो होता तो इतक्या लांबून, इतके दिवस, माझाच धागा धरून येत होता. त्याला दारातून सोडून द्यायचं? मला ते जमलं नाही. मला माझा माणूस हवा होता. एवढंच हवं होतं.

शेवटचा धागा गेला. काठ बंद झाला.

ओढ थांबली. होडीचा तळ वाळूला लागल्यावर दोरी होते तसा ताणा निवांत झाला. सगळीकडे शांत झालं. टर्की, कुत्रा, गल्लीतला रेडिओ, काही काही ऐकू येईना. मी रडत होते, पण आनंदाने.

"आलास?" मी विचारलं.

खांबाच्या पलीकडून बोटं पुढे आली आणि त्यांनी ताण्याच्या टोकाला बांधलेली काठी धरली. मनगटापर्यंत जांभळी. काय जांभळी, डोळे निवावेत अशी. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, चिरेत काळा रंग. ते नख मी वीस वर्षं ओळखत होते. मी हात पुढे केला आणि त्या बोटांवर ठेवला.

ती मऊ होती. भिजत घातलेल्या मक्याचं साल दाबल्यावर सरकतं, तसं ते कातडं माझ्या बोटांखाली सरकलं. आत हाड लागलं नाही.

"फेमिया."

आवाज मागून आला. क्रिसोफोरो आतल्या दारात उभा होता. भिंत धरत धरत तो ओसरी ओलांडून अंगणात उतरला. घामाने निथळत होता, चेहरा ओढलेला होता, पण डोळे स्वच्छ होते. तो खांबाच्या या बाजूला होता. पलीकडचं त्याला दिसत नव्हतं.

"ताप उतरला बघ. म्हटलं, आधी तुला हात दाखवावेत, नाहीतर ही बाई मला घरात घ्यायची नाही."

त्याने मुठी उघडून उन्हात धरल्या. पांढरे तळहात. आणि मग त्या पांढऱ्यावर पिवळी झाक आली. पिवळ्याचा हिरवा झाला, कोवळ्या कणसासारखा. तो हसत स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"येताना मुद्दाम उतरलो खडकावर. पाय असे कापत होते, काय सांगू. नाबोर असता तर जन्मभर हसला असता. एकच गोगलगाय काढली, तुझ्यासाठी. आणि मुठी झाकून आलो इथवर."

हिरव्याचा जांभळा झाला. खरा, आपला, थोडासा मळकट जांभळा. वाऱ्याबरोबर वास माझ्यापर्यंत आला. मीठ, शेवाळ, कुजलेलं काहीतरी, समुद्र. आमच्या घराचा वास.

त्याने रंगलेले हात माझ्यासमोर धरले. "ओळखलंस का?"

"हो," मी म्हणाले. "हो रे, ओळखलं."

त्याला ते उत्तर नवीन होतं. तो हसायचा थांबला. "मग बसलीस काय? सोड तो पट्टा. इकडे ये ना उन्हात."

मी कमरेमागे हात नेला. पट्ट्याची गाठ ओली होती, आणि ओली गाठ सुटत नाही. नखांनी कुरतडून पाहिली. कोयता आता माझ्यामागे राहिला होता, कारण मी बसल्या जागेवरून आणखी थोडी खांबाकडे सरकले होते.

कमरेला दोन लहान हिसके बसले.

लांब ओढ अजून यायची होती.